निळ्या अक्षरांचा हिशेब

"या लिंकला नुसतं बोट लागलं तरी बँकेचं खातं रिकामं होतं, दहा जणांना पाठवा." मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे मेसेज फिरतच असतात. फसवणूक खरी आहे, पण पैसे सहसा जातात ते पुढच्या पायरीवर: उघडलेल्या पानावर ओटीपी भरला की, किंवा तिथून आलेलं ॲप इन्स्टॉल केलं की. नुसत्या टिचकीने फोनमध्ये शिरणारी हेरगिरीची सॉफ्टवेअरही आहेत, पेगॅससचं नाव त्यातूनच गाजलं. मात्र ती इतकी महाग असतात, की सोसायटीच्या खजिनदारावर ती कोणी वाया घालवणार नाही.

मग ॲपमधली लिंक म्हणजे नेमकं काय? ती निळी, अधोरेखित अक्षरं बटण नसतात. बहुतेक वेळा अख्खा परिच्छेद हा पडद्यावरचा एकच तुकडा असतो, आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवलेली असते: अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंत हा वेबपानाचा पत्ता. अँड्रॉइडमध्ये या चिठ्ठीला 'स्पॅन' म्हणतात.

तुम्ही बोट टेकवता तेव्हा फोनला कळतात फक्त दोन आकडे, आडवं अंतर आणि उभं अंतर. त्यातून कडेची मोकळी जागा वजा होते आणि मजकूर वर सरकला असेल तर तेवढं मिळवलं जातं. उभ्या अंतरावरून ओळ ठरते, आडव्यावरून त्या ओळीतलं अक्षर. मग त्या अक्षराचा क्रमांक एखाद्या चिठ्ठीच्या हद्दीत येतो का, एवढंच पाहायचं. आलाच, तर चिठ्ठीतला पत्ता ब्राउझरच्या हवाली.

खरी गंमत 'अक्षराचा क्रमांक' या दोन शब्दांत आहे. 'हिंदमाता' (मुंबईतला पावसात तुंबणारा भाग) या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोर 4 सांगेल. युनिकोडमध्ये, म्हणजे लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र ह, वेलांटी, अनुस्वार, द, म, काना, त, काना अशी 8 चिन्हं साठवलेली असतात. (वेलांटी ह-च्या आधी दिसते, पण साठवताना नंतर येते, चित्र काढताना फोन ती उचलून पुढे आणतो.) ही चिन्हं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीने बाइट (साठवणीचं एकक) मोजले तर 24. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि घोळ तिथेच आहे.

समजा मेसेज आहे: 'हिंदमाताला पाणी, नकाशा इथे पाहा', आणि लिंक हवी आहे 'इथे'वर. चाळीतल्या खोल्यांसारखं मोजायचं: इतक्या सोडा, पुढच्या इतक्या आपल्या. ॲपला मेसेज पुरवणारा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, दिसणारी अक्षरं मोजतो आणि म्हणतो, 14 सोडा, पुढची 2 घ्या. ॲप मात्र साठवलेली चिन्हं मोजतं, आणि त्याच्या हिशेबाने 23 सोडून पुढची 3 घ्यायला हवीत. सर्व्हरचे आकडे त्याने तसेच वापरले, तर लिंक 'पाणी'तल्या दुसऱ्या वेलांटीवर आणि स्वल्पविरामावर जाऊन बसते. 'इथे'वर कितीही टिचक्या मारा, काही होत नाही.

स्विफ्ट भाषेत आयफोनची ॲप लिहिणाऱ्यांना हा चकवा चांगला ओळखीचा आहे. तिथे मजकुराची लांबी दिसणाऱ्या अक्षरांत मिळते, पण लिंक लावण्याची जुनी यंत्रणा यूटीएफ-16 या साठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत मोजते. नमस्काराचा इमोजी तर पहिल्या मोजणीत 1 आणि दुसऱ्या मोजणीत 2. इंग्रजीत चाचणी केलेलं ॲप मराठीत आपटतं ते यामुळे. जोडाक्षरांची तर आणखी वेगळी तऱ्हा: 'महालक्ष्मी'त पूर्वीच्या नियमाने 6 अक्षरं निघायची, 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 च्या नियमाने 4. म्हणजे जुना फोन आणि नवा फोन यांचंही एकमत नाही! उपाय साधा आहे: कुठल्या एककात मोजायचं ते दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून टाकायचं. टेलिग्राम या मेसेजिंग ॲपने आपल्या बॉटसाठी (आपोआप मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामसाठी) यूटीएफ-16 असं स्पष्ट लिहूनच ठेवलं आहे.

काही ॲप लिंक स्वतःच हुडकतात. शब्द, टिंब, आणि पुढे इंटरनेटच्या यादीतलं 'कॉम'सारखं एखादं शेपूट दिसलं की झाली लिंक. आपण रोमन लिपीत मराठी टाइप करतो आणि पूर्णविरामानंतर जागा सोडायचा कंटाळा करतो. त्यामुळे 'बाबा आला.तो जेवला' या वाक्यातला 'आला.तो' अचानक निळा होऊ शकतो, कारण टी-ओ हे शेपूट टोंगा या प्रशांत महासागरातल्या देशाचं आहे. 'थांब.मी येतो' लिहिताना 'मी'साठी एम-ई वापरलंत, तर पत्ता माँटेनेग्रोचा.