शाइब्लरांची समाधी बघायला येताय? आधी हे वाचा

पोलंडमधल्या वूच शहरात आमच्या दौऱ्यावर येणारे बरेच पाहुणे इथे शिकणाऱ्या मुलामुलींना भेटायला आलेले आई-वडील असतात. (आपण 'लॉड्झ' म्हणतो, पण इथल्या टॅक्सीवाल्याला तो उच्चार कळत नाही. 'वूच' म्हणा.) त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'त्या गिरणीमालकाची समाधी कुठे आहे?'

गिरणीमालक दोन आणि समाध्याही दोन. सगळा घोळ इथेच होतो.

ओग्रोदोवा रस्त्यावर पोझनान्स्की या ज्यू उद्योगपतीचा महाल आहे. शेजारीच त्याची लाल विटांची गिरणी आहे आणि २००६ पासून तिथे 'मानुफाक्तुरा' हे मोठं खरेदी केंद्र चालतं. त्याच रस्त्यानं पुढे गेलात की जुनी दफनभूमी लागते. महाल पोझनान्स्कीचा, म्हणजे पुढची समाधीही त्याचीच, असं कुणालाही वाटेल. पण ती समाधी कार्ल शाइब्लर या प्रोटेस्टंट गिरणीमालकाची आहे. पोझनान्स्कीची समाधी शहराच्या दुसऱ्या बाजूला, ब्रात्स्का रस्त्यावरच्या ज्यू दफनभूमीत आहे. ती दफनभूमी शनिवारी बंद असते.

गेल्या उन्हाळ्यात एक काका-काकू 'आम्ही आमचे येतो' म्हणाले आणि टॅक्सीनं थेट ब्रात्स्काला गेले. वार शनिवार. ते तिथे बंद फाटकापाशी आणि आम्ही ओग्रोदोवाला बाकीच्या पाहुण्यांना घेऊन उभे. पाऊण तास गेला. काकूंचे गुडघे दुखत होते, त्यामुळे पुढचं चालणंही कमी करावं लागलं. म्हणून टॅक्सीत बसल्यावर एवढंच सांगा: 'त्स्मेन्ताश एव्हांगेलित्स्की, ओग्रोदोवा'. त्यातला 'एव्हांगेलित्स्की' (म्हणजे प्रोटेस्टंट) हा शब्द सोडू नका. या जुन्या दफनभूमीचे कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स असे तीन भाग आहेत. कॅथलिक भागात शिरलात तर शाइब्लरांना शोधत बराच वेळ फिरत बसाल.

दुसरी तक्रार आम्हाला नेहमी ऐकावी लागते: 'समाधी बघायची आहे, मग आधी शाइब्लरांच्या गिरणीवर कशाला नेता?' याचं उत्तर नीट देतो, कारण आमचा दौरा याच क्रमावर उभा आहे.

शाइब्लर १८२० साली जर्मनीतल्या मोन्शाउ गावी, कापडवाल्यांच्या घरात जन्मले. १८४८ मध्ये पोलंडला आले, आधी ओझोर्कूफला नातेवाइकाच्या गिरणीत काम केलं आणि मग वूचमध्ये स्वतःची गिरणी काढली. अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटलं तेव्हा कापसाच्या पैशानं मुंबई फुगली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याच कापूसटंचाईत इकडे कित्येकांचे माग थांबले. शाइब्लरांनी कापूस आधीच भरून ठेवला होता, म्हणून ते तगले आणि वाढले. १८७० मध्ये त्यांनी वूचमधल्याच क्शेंझी म्वीनची जागा घेतली. या नावाचा अर्थ 'पाद्र्याची गिरणी'. ती पिठाची गिरणी होती, तिथे कापडाची आली. मराठीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे आपल्या लोकांना हे लगेच उमगतं. दोनशे मीटरहून लांब सूतगिरणी, समोर कामगारांची विटांची घरं, शाळा, दुकान: गिरणगावात वाढलेला माणूस इथे दोन मिनिटं गप्प उभा राहतो, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

१८८१ मध्ये शाइब्लर गेले. त्यांच्या पत्नी आन्ना यांनी १८८५ ते १८८८ या काळात ही समाधी बांधून घेतली. वॉर्सातले वास्तुकार एडवर्ड लिल्पोप आणि युझेफ जेकोन्स्की यांचं हे काम. बघणाऱ्याला ते चर्चच वाटतं, पण खाली तळघर आहे आणि ते कुटुंबाच्या शवपेट्यांसाठी केलेलं आहे. शिखराच्या अगदी पायथ्याशी उभं राहून वर बघा. दगड जाळीसारखा कोरलाय, त्यातून आरपार आभाळ दिसतं. गिरणी पाहून आलेल्या माणसाला हा दगड कुठल्या पैशातून आला ते सांगावं लागत नाही. नुसती समाधी पाहणारे फोटो काढतात आणि निघतात.

१९४५ नंतर शहरातले जर्मन गेले आणि समाधीला वाली उरला नाही. चोऱ्या झाल्या, मोडतोड झाली, काचचित्रं गेली. गेली काही वर्षं जीर्णोद्धाराचं काम चालू आहे. म्हणून आत जायला मिळेलच असा शब्द आम्ही कधीच देत नाही. कुणी तसा शब्द देऊन जास्त पैसे मागत असेल, तर आधी नीट चौकशी करा.

अर्ध्या दिवसाच्या दौऱ्यात आम्ही शाइब्लरच दाखवतो. पोझनान्स्कीची समाधी हवी असेल तर पूर्ण दिवसाचा दौरा घ्या. तिच्या घुमटाच्या आतलं व्हेनिसचं मोझॅक धावतपळत बघण्यासारखं नाही. तो दौरा शनिवारी नसतो आणि पुरुषांनी डोकं झाकायला टोपी आणावी. एका वेळी आठच जण घेतो. त्याहून जास्त झाले तर मागच्यांना ऐकू येत नाही आणि दफनभूमीत आम्हाला आवाज चढवायचा नसतो.

नोव्हेंबरची पहिली तारीख साधता आली तर जरूर साधा. त्या दिवशी सगळी दफनभूमी दिव्यांनी भरते आणि जुन्या थडग्यांच्या दुरुस्तीसाठी वर्गणीचे डबे घेऊन लोक उभे असतात. झाकणाच्या काचेच्या दिव्याला इथे 'झ्निच' म्हणतात. तुम्हाला लावायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, आम्ही घेऊन ठेवू. काडेपेटी आमच्याकडे असतेच.