धुऱ्यावरचं टेंभरू, रानातली चार

वैशाखात गोंदिया-गडचिरोलीकडच्या कोणत्याही फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करायच्या जागी जा, तेंदूपानांचे पुडे रांगेने उन्हात वाळत असतात. त्याच दिवसांत त्याच जातीच्या मोठ्या झाडांखाली पिवळी टेंभरं गळून पडलेली असतात. अस्वलं, माकडं आणि गुरांमागची पोरं ती आवडीने खातात. बाजारात मात्र पानाला व्यापारी असतो, फळाला क्वचितच. शहरातल्या फळांच्या दुकानात नारिंगी पर्सिमॉन चढ्या भावाने विकलं जातं, ते याच टेंभुर्णीचं भाऊबंद. शास्त्रीय नावांत पर्सिमॉन म्हणजे डायोस्पायरॉस काकी, टेंभुर्णी म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. दोन्ही फळं हातात घेतली तर देठाशी चिकटलेली जाड, पाकळ्यांसारखी टोपी सारखीच दिसते.

हौशी शेतकरी हल्ली विचारतात, पर्सिमॉन आणि पेकान आपल्या वावरात लावावं का? माझं मत, विदर्भाच्या सपाटीवर त्या वाटेला जाऊ नये. हिवाळ्यात पानगळ होऊन झोपी जाणारी ही झाडं आहेत. ठरावीक तास थंडी मिळाल्यावरच त्यांचे डोळे नीट फुटतात. म्हणून भारतात पर्सिमॉन हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडात आणि निलगिरीच्या उंचीवर होतं. पेकान हे अक्रोडाच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातलं झाड. त्याला थंडीही हवी आणि उन्हाळाभर मुबलक पाणीही. आपल्याकडे थंडीच्या चार लाटा येऊन जातात आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्यापेक्षा इथल्या उन्हात हजारो वर्षं तगलेल्या दोन झाडांकडे बघू: पर्सिमॉनच्या जागी टेंभरू, पेकानच्या जागी चारोळी, जिच्या झाडाला आणि फळाला इकडे चार म्हणतात.

कच्चं टेंभरू चावलं की जीभ जड होते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात, पाणी प्यायलं तरी तोंड कोरडंच राहतं. कडू-गोडासारखी ही चव नाही, हा स्पर्श आहे. आपल्या लाळेतली काही प्रथिनं गाडीच्या आसाला वंगण लावावं तशी तोंडाला बुळबुळीत ठेवतात. कच्च्या फळातलं टॅनिन नावाचं विरघळणारं द्रव्य या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतं. वंगण गेलं की जीभ टाळूवर घासते, यालाच आपण तुरटपणा म्हणतो. फळ पिकतं तेव्हा हे टॅनिन कुठे पळून जात नाही. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन इतके मोठे होतात की ते लाळेत विरघळतच नाहीत, आणि आधीपासून असलेला गोडवा जिभेला कळायला लागतो.

पर्सिमॉन पिकवणाऱ्यांनी या रसायनाचा चांगला उपयोग करून घेतला आहे. फळं बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली किंवा त्यांच्या टोपीवर थोडी दारू शिंपडली, की फळात ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं आणि ते टॅनिनला बांधून टाकतं. फळ टणक राहूनही गोड लागतं. जपानमध्ये तुरट जातींची फळं सोलून दोरीला टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात. सुकता सुकता त्यांचा तुरटपणा जातो.

टॅनिन डोळ्यांनी बघायचं असेल तर लोखंडी विळ्याने कच्चं टेंभरू चिरून ठेवा. थोड्या वेळाने पातं आणि चिरलेली बाजू निळसर काळी पडते. टॅनिन आणि लोह एकत्र आल्याचा हा रंग. जुन्या काळची लोखंडी शाई याच तत्त्वावर बनायची. हळूहळू पिकत जाणारी फळं एकेक करून चिरत गेलात तर डाग फिका होत गेलेला दिसेल. पोरांना शाळेत दाखवावा असा हा प्रयोग आहे. एक मात्र त्यांना बजावून सांगा, कच्ची फळं रिकाम्या पोटी खायची नाहीत. जठरातल्या आम्लात या फळांचं टॅनिन गोठून कठीण गोळा बनू शकतो, आणि पर्सिमॉनच्या बाबतीत अशा गोळ्यांसाठी शस्त्रक्रिया करायची वेळ लोकांवर आलेली आहे.

धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं टेंभुर्णीचं झाड कितीही वर्षांचं झालं तरी फळत नसेल तर त्याला दोष देऊ नका. टेंभुर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर फुलं झुपक्यांनी येतात, मादी फूल बहुधा एकटं असतं. नराला फळ येत नाही, पण तो जवळपास असायला हवा. बी लावायचं तर ताजं आणि कायमच्या जागीच लावा. रोप वर दिसायच्या आधीच त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे उपटून लावलेलं रोप सहसा जगत नाही. तोडलेल्या झाडाच्या मुळांतून धुमारे फुटतात, तेही राखता येतात.

पण पानं आणि फळं यांचं जमत नाही. कोवळी, रुंद पानं मिळावीत म्हणून हंगामाआधी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी करतात. दरवर्षी छाटलेलं झुडूप फळायच्या वयाला पोचतच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गावाने तेंदूपानं तोडणं बंद केलं. पानांसाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक आहेत, हे त्यामागचं एक कारण होतं. पानांचा पैसा सोडणं सोपं नसतं, म्हणूनच या निर्णयाचं मोल मला फार मोठं वाटतं. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही. पण धुऱ्यावरची चार-दोन मादी झाडं खुटकटाईतून वगळणं कोणालाही जमेल.

आता चार. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. एप्रिल-मे महिन्यात जांभळट काळी फळं पिकतात, वरचा गर आंबटगोड आणि आत कठीण कवचात चारोळी. पिकलेली चारं रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गोणपाटावर चोळून साल-गर काढायचा, धुवून उन्हात खडखडीत वाळवायची. मग जातं. वरचा दगड थोडा उचलून ठेवला तर कवच तडकतं आणि दाणा साबूत राहतो. फट कमी पडली तर सगळ्याचा भुगा. शेवटी सुपाने पाखडून टरफल वेगळं करतात.

खरं नुकसान याच्या आधी, झाडावरच होतं. दुसऱ्याने नेऊ नये म्हणून हिरवी चारं ओरबाडली जातात, कधी फांद्याच तोडल्या जातात. अशा फळांचा आकार पुरेसा दिसतो, पण दाणा आत नंतर भरतो. पेकानमध्येही कवच आधी पूर्ण वाढतं आणि गर हंगामाच्या शेवटी भरत जातो. हिरव्या चारांतून निघालेली चारोळी सुरकुतलेली आणि हलकी असते. गावाने मिळून तोडणीचा दिवस ठरवला, तर तेवढ्याच झाडांवरून जास्त आणि चांगला माल मिळेल.

चारोळीत निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून फोडलेला दाणा हवेत आणि उष्णतेत लवकर खवट होतो. विकायची तेवढीच फोडा, बाकीची कवचासकट कोरड्या जागी ठेवा. लागवडीसाठी गोध्र्याच्या केंद्रीय संशोधन केंद्राने 'थार प्रिया' नावाचं वाण दिलं आहे. बियांपासून रोपं करायची असतील तर कवचाला हलकी चीर पाडून ताज्या बिया पेरा. कठीण कवचामुळे एरवी त्या फार कमी उगवतात.