आगीतील मृत्यूचा प्रकार ठरवणे

आगीच्या ठिकाणी मृतदेह सापडल्यावर तो मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या की मनुष्यवध, हे ठरवण्याची न्यायवैद्यक प्रक्रिया. पुरावा अपुरा पडल्यास ‘अनिर्णित’ अशी नोंद होते. मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार या गोष्टी वेगळ्या. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची बाधा हे कारण झाले. आग शॉर्टसर्किटने लागली, स्वतः लावली की दुसऱ्याने, यावर प्रकार ठरतो.

आग लागली तेव्हा व्यक्ती जिवंत होती का, हा शवविच्छेदनातला पहिला प्रश्न. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेत काजळी सापडली तर आगीत श्वास चालू होता असे समजतात. नाकातोंडातली काजळी तितकी भरवशाची नाही, कारण ती बाहेरूनही बसते. रक्तातील कार्बॉक्सीहीमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिन) ५० टक्क्यांच्या वर असल्यास मृत्यूचे कारण बहुधा स्पष्ट होते. हृदयरोगी किंवा वृद्ध व्यक्ती त्याहून कमी प्रमाणातही दगावते. मात्र धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते एरवीही १० टक्क्यांपर्यंत असू शकते. फोम, लोकर, नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो, म्हणून त्याचीही तपासणी होते. उलट पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाल्यास माणूस क्षणार्धात मरू शकतो आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जवळपास सापडत नाहीत. त्यामुळे ही चिन्हे नसणे म्हणजे आगीआधीच मृत्यू, असे सरसकट म्हणता येत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. आग स्वतःच मारहाणीसारख्या खुणा निर्माण करते. उष्णतेने स्नायू आखडून हात मुष्टियोद्ध्यासारखे वर उचललेले दिसतात. हे मेलेल्या देहातही घडते, त्यामुळे त्यावरून झटापटीचा निष्कर्ष काढणे चूक ठरते. कातडी तडकून पडलेल्या भेगा धारदार शस्त्राच्या वारासारख्या दिसतात. पण त्यांत रक्तस्राव नसतो आणि तळाशी रक्तवाहिन्या, मज्जातंतू अखंड आडवे दिसतात. कवटीत, मेंदूच्या आवरणाबाहेर साचलेले चॉकलेटी रंगाचे सच्छिद्र रक्त हा उष्णतेचा परिणाम असतो, तर डोक्यावरील घावाने साकळलेली गाठ बहुधा गडद लाल व घट्ट असते. देहाचा एक्स-रे आधीच काढतात, कारण जळालेल्या मांसात लपलेली गोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गळ्याभोवती कापड घट्ट असेल तर त्याखालची त्वचा न जळता राहते आणि आवळल्याची खूण तिथेच टिकते.

एवढे करूनही प्रकार निव्वळ देहावरून ठरत नाही. श्वासनलिकेत काजळी असलेली व्यक्ती कोंडून जाळलेली असू शकते. काजळी नसलेली व्यक्ती पेटती सिगारेट हातात असताना हृदयविकाराने गेलेली असू शकते. दार कुठून बंद होते, आगीचा उगम कुठे, आधीचे आजारपण, सोबतच्यांचे जबाब हे सारे जोडून पाहावे लागते. ज्वलनशील द्रवाचा संशय असल्यास कपडे व राख हवाबंद डब्यात भरून गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी (वाफेतील घटक वेगळे करून ओळखण्याच्या चाचणीसाठी) पाठवतात. साध्या प्लास्टिक पिशवीतून वाफ निसटते.

घटनास्थळाचे वाचन चुकले की काय होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेक्सासमधला कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम खटला. १९९१ च्या आगीत त्याच्या तीन मुली मरण पावल्या. जमिनीवरील जळाल्याचे आकार व तडकलेल्या काचा यांवरून आग मुद्दाम लावल्याचे सांगितले गेले आणि २००४ मध्ये त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. पुढे अनेक अग्नितज्ज्ञांनी हा आधार फेटाळला: संपूर्ण खोली एकाच वेळी पेटली तरी तसेच आकार उमटतात, आणि तापलेल्या काचेवर पाणी पडले की तीही तशीच तडकते.