कार्ट्रिज भरताना हवेचं गणित

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शाईची १०० मिलिची बाटली, सिरिंज आणि सुई सहज मिळते. इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, घरी भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण घरी भरलेलं कार्ट्रिज आठवडाभरात पांढऱ्या रेघा सोडू लागलं की 'शाई डुप्लिकेट होती' असं म्हणून बाटली फेकली जाते. शाईचा दोष कधी असतोही. त्याहून जास्त वेळा चुकलेलं असतं ते आतल्या हवेचं गणित.

इथे विषय आहे तो हेड (म्हणजे शाईचे थेंब उडवणारा भाग) आणि शाई एकाच डबीत असलेल्या कार्ट्रिजचा: एचपीची ८०२, ८०३, ६७८, ६८०, कॅननची पीजी ७४५ आणि सीएल ७४६ ही नेहमीची उदाहरणं. घरोघरी आणि लहानसहान झेरॉक्सच्या दुकानांत हीच दिसतात. इप्सनमध्ये हेड प्रिंटरलाच बसवलेलं असतं, त्यामुळे त्याची तऱ्हा वेगळी.

डबी उघडून पाहिली तर आत मोकळी शाई दिसतच नाही. असतो तो शाईने भिजलेला स्पंज. झाकणावर, लेबलच्या खाली, बारीक भोकं आणि नागमोडी खाचा असतात. शाई कमी होईल तशी हवा तिथून आत येते. स्पंजच्या तळाशी बारीक जाळी, जाळीखाली चिप आणि चिपवर ओळीने नोझल. नोझलचं छिद्र साधारण २० मायक्रॉन व्यासाचं, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. त्याला काही मायक्रोसेकंद करंट मिळाला की तो ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, त्याला टेकलेल्या शाईच्या पातळ थराची क्षणात वाफ होते आणि वाफेचा बुडबुडा शाईचा थेंब बाहेर ढकलतो. काळा थेंब समजा २० पिकोलिटरचा धरला (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग), तर १ मिलि शाईत असे ५ कोटी थेंब बसतात. या तंत्राची सुरुवातही सिरिंजपासूनच झाली. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्याकडे शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली.

बुडाला इतकी भोकं असूनही शाई गळत नाही, ती स्पंजमुळे. स्पंजच्या छिद्रांत शाई केशाकर्षणाने धरली जाते आणि नोझलपाशी किंचित ऋण दाब तयार होतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी. हा फरक पाण्याच्या जेमतेम काही सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. १ सेंमी पाणी म्हणजे सुमारे ९८ पास्कल, तर वातावरणाचा दाब १ लाख पास्कलच्या वर. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे. स्पंज गच्च भरला की ओढून धरायला रिकामी छिद्रंच उरत नाहीत, ऋण दाब संपतो आणि खालून शाई पाझरू लागते. उलट झाकणावरची हवेची वाट बुजली तर शाई जाते पण हवा येत नाही, आतली ओढ वाढत जाते आणि शेवटी नोझलमधूनच हवा आत शिरते. मग हीटरसमोर शाई नसते. शाई हेच त्या हीटरचं कूलंट असल्यामुळे कोरडा चाललेला हीटर जळतो आणि ते नोझल कायमचं जातं.

म्हणूनच कार्ट्रिज ठणठणीत रिकामं होईपर्यंत थांबू नये. छपाई फिकी पडली किंवा पानाच्या शेवटी अक्षरं तुटू लागली की त्याच दिवशी भरावं. पूर्ण वाळलेला स्पंज नव्याने शाई नीट शोषत नाही. छिद्रांत अडकलेले बुडबुडे निघता निघत नाहीत.

लागणारं सामान थोडं आहे. मेडिकलवरून ५ मिलिच्या सिरिंज, काळ्याला एक आणि तिन्ही रंगांना एकेक अशा चार. २० ते २२ गेजची दीड इंची सुई. टोक घासून बोथट केलेलं बरं, कारण धारदार टोक तळाची जाळी फाडतं. शिवाय टिश्यू पेपर, हातमोजे आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा. तो काटा फार कामाचा आहे. नवं कार्ट्रिज आणल्या आणल्या वजन करून झाकणावर लिहून ठेवावं. शाईची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त असते, तेव्हा ५ मिलि शाई साधारण सव्वापाच ग्रॅम धरायची. स्क्रीनवरचा शाईचा अंदाज रीफिलनंतर निरुपयोगी होतो, काटा मात्र खरं सांगतो.

लेबल एका बाजूने हळूच उचलावं, फाडू नये. काळ्यात झाकणाच्या मधल्या भोकातून सुई उभी आत घालावी, तळ लागला की ४-५ मिमी वर घ्यावी आणि १ मिलिला वीसेक सेकंद या चालीने शाई सोडावी. घाईने दाबलं तर शाई स्पंजला वळसा घालून वर येते आणि मधे हवेचा खिसा अडकतो. तेच ते 'भरलंय, पण छापत नाही'. किती भरायची? मूळ मापाच्या ८० टक्के. पीजी ७४५ मध्ये मुळात ८ मिलि असते, तर सहा-साडेसहावर थांबावं, तेही ते पूर्ण उतरलेलं असेल तर. ८०३ च्या काळ्यात ३ ते ४ मिलि पुष्कळ. भोकात शाई चमकताना दिसली की लगेच थांबून अर्धा मिलि परत ओढून घ्यायची.

तिरंगी कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात आणि कुठलं भोक कुठल्या रंगाचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रावर विसंबू नये. प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून टिश्यूवर टेकवायची. निळा, गुलाबी, पिवळा जो उमटेल तो कप्पा त्याचा. प्रत्येक रंगाला १ मिलि, जास्तीत जास्त सव्वा. पिवळ्यात निळा उतरला की फोटोतले चेहरे हिरवट येतात आणि ते निस्तरायला पिवळ्याची पानंच्या पानं वाया जातात.

भरून झालं की नोझलची बाजू खाली करून, कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या टिश्यूच्या चार पदरी घडीवर दोन मिनिटं टेकवून ठेवावं. काळ्याचा एक गडद पट्टा, तिरंगीचे तीन वेगळे पट्टे उमटायला हवेत. एक पट्टा उमटलाच नाही तर त्या कप्प्यात हवा आहे. सक्शन क्लिप (नोझलवर घट्ट बसणारी, सिरिंज जोडायची प्लॅस्टिकची पकड) लावून सिरिंजने ०.२-०.३ मिलि शाई खालून ओढली की वाट मोकळी होते. तांब्याचे संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत, नोझल मात्र घासू नयेत. लेबल परत लावताना हवेच्या खाचा मोकळ्या आहेत ना, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं.

वरून चिकटपट्टी लावून 'पॅक' करण्याची सवय खानदेशात फार महागात पडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. २५ अंशाला पॅक केलेली ५ मिलि हवा ४५ अंशाला सुमारे साडेसहा टक्के फुगते, म्हणजे ०.३ मिलिहून जास्त. तिला वर वाट नसेल तर ती तेवढी शाई खालून बाहेर ढकलते. दुपारी मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेलं कार्ट्रिज घरी येईपर्यंत पिशवी रंगवतं, ते यामुळेच.

शाई कुठली घ्यावी? वर सांगितलेल्या एचपी आणि कॅननच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई असते: सुमारे ०.१ मायक्रॉनचे कार्बनचे कण पाण्यात तरंगत असतात. रंगीत कप्प्यांत डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. बाजारात स्वस्त आणि मुबलक मिळते ती इप्सनच्या ६६४ किंवा ००३ साठीची शाई. तिचा काळाही डायच. दुकानदार 'चालतं हो सगळ्याला' म्हणून तीच देतो. छापते, हे खरं. पण पिगमेंटच्या स्पंजमध्ये डाय मिसळली की दोघींची रसायनं जुळतीलच असं नाही, आणि कणांच्या गुठळ्या झाल्या तर त्या जाळीवर बसतात. दुसरं, ती शाई पिझो हेडसाठी बनवलेली असते. तिथे थेंब दाबाने उडतो, उकळत नाही. उकळण्यासाठी न बनवलेल्या शाईची करपट हीटरवर साचत गेली की थेंब लहान होत जातात. आणि डाय काळ्यात छापलेला सातबारा किंवा हॉलतिकीट पावसाच्या दोन थेंबांनी पसरतं, तेव्हा कागदपत्रांसाठी पिगमेंटच हवी.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाणी. बंद नोझल नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुणं हा सर्रास चालणारा प्रकार. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. स्टीलच्या बादलीवर पांढरा थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पिगमेंटचे कण एकमेकांना चिकटत नाहीत कारण सगळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचे दोन धनभारांचे आयन आले की हा भार झाकला जातो आणि कण भराभर गोळा होतात. कलरलॉकची खूण असलेल्या कागदात हीच युक्ती मुद्दाम वापरतात: कागदावरचा कॅल्शियमचा क्षार शाईतला रंग पृष्ठभागावरच गोठवतो, म्हणून अक्षर गडद आणि कडक उठतं. कागदावर जे वरदान तेच नोझलमध्ये बूच. इन्व्हर्टरसाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर यासाठी उत्तम, फक्त बाटलीत ॲसिड नसून पाणीच आहे हे लेबल वाचून घ्यावं.

उन्हाळ्यात कोरडी हवा नोझलच्या तोंडाशी आलेल्या शाईतलं पाणी शोषून घेते. शाईत ग्लायकोलसारखी ओलावा धरणारी द्रव्यं असतात, पण एप्रिल-मेच्या दुपारी तीही कमी पडतात. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड रबरी टोपीवर जाऊन बसतं. भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा छापता छापता लाइट गेली तर हेड वाटेतच उघडं राहतं. लाइट आल्यावर प्रिंटर लगेच चालू करावा, म्हणजे हेड आपोआप टोपीवर जातं. भारनियमनाच्या गावात संगणकाच्या छोट्या यूपीएसवर इंकजेटही चालतो, त्याला वीज फार लागत नाही. आठवड्यातून दोनदा तिन्ही रंग आणि काळा असलेलं एखादं पान काढावं. डेझर्ट कूलरचा ओलावा नोझलला मानवतो, पण कागदाला नाही: कूलरसमोर उघडी ठेवलेली रिम दमट होऊन वाकते, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि अक्षरांना मिशा फुटतात. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीतच असू द्यावी. जिनिंगच्या हंगामात हवेतला कापसाचा तंतू ओल्या नोझलवर बसला तर एकाच रंगाची बारीक रेघ ओढत जातो. तो ओल्या टिश्यूने टिपून काढावा.

भरल्यानंतर प्रिंटर 'शाई संपली' म्हणतच राहतो, कारण तो शाई मोजत नाही, उडवलेले थेंब मोजतो. कॅननच्या एमजी २५७० सारख्या मॉडेलवर ई१३ किंवा ई१६ हा कोड आला तर स्टॉपचं बटण किमान ५ सेकंद दाबून धरायचं. त्या कार्ट्रिजसाठी मोजणी बंद होते. एचपीच्या साध्या डेस्कजेटवर सूचना ओके करून छपाई चालू राहते. मात्र मोजणी बंद म्हणजे कोरडं चालण्यापासूनचं संरक्षणही बंद, इथे पुन्हा काटा उपयोगी.

नोझल चेकच्या चाचणी पानावर रेघा तुटल्या तर प्रिंटरचं स्वतःचं क्लीनिंग दोनदाच करावं. प्रत्येक क्लीनिंगमध्ये बरीच शाई आतल्या टाकाऊ पॅडमध्ये जाते, आणि ते पॅड भरलं की प्रिंटर वेगळीच एरर दाखवून बसतो. दोनदा करूनही फरक नसेल तर बशीत ३ मिमी कोमट डिस्टिल्ड वॉटर घेऊन फक्त नोझल पाच मिनिटं बुडवावेत, टिपावेत आणि तासभर थांबून पुन्हा चेक काढावा. तुटलेल्या जागा दर वेळी बदलत असतील तर हवा आहे, रात्रभर नोझल खाली करून ठेवल्यावर बहुधा सुटते. अगदी त्याच जागा राहिल्या तर हीटर गेले. तिथे वेळ घालवू नये.

दुकानात दिवसाला शंभरेक पानं निघत असतील तर सिरिंज परवडत नाही. मग लोक झाकणाला भोक पाडून रबरी ग्रोमेट (नळीभोवती घट्ट बसणारी कडी) बसवतात आणि नळीने बाहेरच्या टाकीला जोडतात. हा जुगाड इंडोनेशियात इतका बोकाळला होता की इप्सनने २०१० साली तिथेच कारखान्यातून टाकी लावलेला प्रिंटर विकायला काढला. घरी जोडणी करायची तर उंचीचं गणित वरचंच: टाकीतल्या शाईची पातळी नोझलच्या पातळीपेक्षा २ ते ५ सेंमी खाली असावी. वर गेली की सायफनने अख्खी टाकी प्रिंटरमध्ये उतरते, फार खाली नेली की नोझलमधून हवा ओढली जाते. झाकणावरची बाकीची भोकं इथे मात्र बंद करावी लागतात, कारण हवा आता टाकीच्या वाटेने येते. टाकीचं हवेचं बूच छापताना काढलेलं हवं. अशी जोडणी केलेला प्रिंटर अमळनेरहून चोपड्याला न्यायचा झाला तर हवेची बुचं लावून, चारही नळ्यांना चिमटे मारूनच गाडीत ठेवावा, आणि टाकी मांडीवर घेऊन बसू नये.