वातशीतित वाहनातील टर्बो डिझेल एंजिनबदल

वातशीतित वाहनातील टर्बो डिझेल एंजिनबदल : मूळच्या, हवेने थंड होणाऱ्या पेट्रोल एंजिनाच्या जागी टर्बोचार्जर (सिलिंडरांत दाबाने अधिक हवा भरणारे, धुराच्या झोताने फिरणारे यंत्र) असलेले व पाण्याने थंड होणारे डिझेल एंजिन बसविण्याची प्रथा. ती यूरोप व उत्तर अमेरिकेत विशेष रुजली असून तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची टी-३ ही मागे एंजिन असलेली व्हॅन होय. त्याच कंपनीची बीटल ही मोटार व टी-३ च्या आधीच्या टी-१, टी-२ व्हॅन यांमध्येही असे बदल झालेले आहेत. तथापि प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे टी-३चा विचार केला आहे, कारण वातशीतित आणि डिझेल ही दोन्ही एंजिने कारखान्यातूनच लाभलेली जर्मन बनावटीची ही एकमेव पिढी आहे आणि एंजिनबदलाचे तंत्र याच योगायोगावर उभे आहे.

फोक्सवॅगन व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले व १९५६ पासून ते हानोव्हरला हलविण्यात आले. टी-३ पिढी १९७९ मध्ये आली, तेव्हा तिच्यात दोनच एंजिने मिळत : १.६ लिटर, ५० अश्वशक्तीचे आणि २.० लिटर, ७० अश्वशक्तीचे. दोन्हींत चार सिलिंडर समोरासमोर आडवे असून पंख्याने लोटलेली हवा त्यांच्या पात्यांवरून जात असे. १९८२ च्या अखेरीस आडव्याच रचनेचे, पण जलशीतित असे १.९ लिटरचे एंजिन आले आणि युरोपातील टी-३ मधून वातशीतनाचा अंत झाला. ब्राझीलमध्ये मात्र टी-२ पिढीची वातशीतित व्हॅन २००५ च्या अखेरीपर्यंत तयार होत होती.

या प्रथेचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तो १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत मागे नेता येतो. त्या सुमारास (बहुधा १९५१ ते १९५३ च्या दरम्यान) पोर्शे कंपनीने फोक्सवॅगनसाठी सुमारे १.३ लिटरचे, २५ अश्वशक्तीचे वातशीतित डिझेल एंजिन तयार करून ते बीटलमध्ये व व्हॅनमध्ये बसवून पाहिले होते. ताशी १०० किमी. वेग गाठण्यास या बीटलला सुमारे एक मिनिट लागे असे सांगितले जाते. गोंगाट व मंदपणा यांमुळे तो प्रकल्प उत्पादनापर्यंत गेला नाही. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ १९८१ चा आहे. त्या वर्षी टी-३ मध्ये गोल्फ मोटारीवरून घेतलेले १.६ लिटर, ५० अश्वशक्तीचे डिझेल एंजिन बसविण्यात आले आणि ब्राझीलमध्येही टी-२ व्हॅनला तशाच जातीचे डिझेल एंजिन व पुढच्या बाजूस रेडिएटर मिळाला. पोर्शेचा प्रयोग ऐतिहासिक दृष्ट्या रंजक खरा, परंतु त्याचा एकही सुटा भाग पुढील कोणत्याही एंजिनबदलात वापरला गेलेला नाही. शिवाय तो वातशीतनच कायम ठेवणारा होता. हवेवरून पाण्यावर जाणे हाच या कामाचा गाभा असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. ब्राझीलमधील डिझेल व्हॅन १९८०च्या दशकाच्या मध्यास बंद झाली व एंजिन तापण्याबद्दल तिची अपकीर्तीच अधिक झाली, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

टी-३ ला कारखान्यातून टर्बो डिझेल १९८४-८५ च्या सुमारास मिळाले. जेएक्स या सांकेतिक नावाचे हे १.६ लिटर एंजिन ७० अश्वशक्तीचे होते. म्हणजे शक्तीच्या आकड्यात ते जुन्या २.० लिटर वातशीतित एंजिनाच्या बरोबरीला येत होते. या एंजिनांत डिझेल प्रथम एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाई. इंधन थेट दट्ट्याच्या डोक्यावर फवारणारी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची टीडीआय एंजिने त्यानंतरची. ऑडी १०० मोटारीतील २.५ लिटरचे पाच सिलिंडरांचे असे पहिले एंजिन १९८९ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडले गेले आणि १९९१ मध्ये ऑडी ८० मोटारीत १.९ लिटर, ९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे एंजिन आले. एंजिनबदलाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते हे दुसरे (सांकेतिक नावे १झेड व त्यानंतरचे एएचयू). १.६ लिटरचे जुने डिझेल आणि १.९ लिटरचे टीडीआय ही एकाच कुळातील असल्याने त्यांच्या ठोकळ्यांची गिअरबॉक्सकडील बाजू, बोल्टांच्या जागा व संपाचा (एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्राचा) घेर जुळतो. त्यामुळे भंगारातील एखाद्या १९८२ च्या डिझेल टी-३ चे जोडभाग घेऊन त्यांवर १९९६ चे टीडीआय चढविणे शक्य झाले.

हे जोडभाग कोणते हे समजण्यासाठी एंजिनाचा कल ध्यानात घेतला पाहिजे. आडवे वातशीतित एंजिन बुटके असते आणि त्याच्यावर झाकण घालून, त्यावर गादी अंथरून झोपता येईल एवढी सपाट जागा व्हॅनच्या मागील भागात ठेवलेली असते. गोल्फमध्ये जवळपास उभे राहणारे चार सिलिंडरी एंजिन तेथे तसेच ठेवल्यास त्याचे डोके झाकणाच्या वर येते. म्हणून कारखान्याने डिझेल टी-३ मध्ये एंजिन ५० अंशांनी डावीकडे कलते बसविले. इतक्या कलामुळे साधा संप निरुपयोगी ठरतो, कारण तेल एका कुशीला साचते व पंपाची शोषनळी कोरडी पडते. त्यासाठी खास ओतीव ॲल्युमिनियमचा संप, वेगळी शोषनळी, वेगळ्या खुणांची तेलकाडी व एंजिन धरून ठेवणाऱ्या वेगळ्या पकडी कारखान्याने तयार केल्या. आडव्या आणि सरळ रांगेतील एंजिनांची बोल्टरचना भिन्न असल्याने बेलहाउसिंगही (एंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे कवचही) वेगळे लागते. एंजिनबदल करणारे कारागीर प्रथम हे भाग मिळवितात आणि मगच एंजिनाच्या शोधाला लागतात. एंजिन कोठेही मिळते. संप मिळत नाही.

काही जण कल १५ अंशांच्या आसपास ठेवून झाकण उंच करून घेतात. त्यामुळे मोटारीतील मूळ संप वापरता येतो व टर्बोच्या तेलाची व्यवस्था सोपी होते. मात्र झोपण्याची जागा मोडते. टर्बोच्या तेलाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. टर्बोच्या दांड्याला तेल दाबाने मिळते, पण परतताना ते केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. परतीची नळी सर्वत्र उतरती असावी लागते व तिचे तोंड संपातील तेलाच्या पातळीच्या वर असावे लागते. एंजिन कलते केले की हीच नळी कोठेतरी आडवी होते किंवा अंगठ्याएवढा चढ घेते, तेल टर्बोतच तुंबते, सीलमधून सायलेन्सरकडे झिरपते आणि गाडी निळा धूर ओकू लागते. अशा वेळी टर्बो खराब झाल्याचा निष्कर्ष काढून तो बदलला जातो, दोष मात्र नळीत असतो.

आणखी एक बारीक भाग म्हणजे भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) टोकातील सुईबेअरिंग. टी-३ च्या गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक या बेअरिंगात टेकते. गोल्फमध्ये गिअरबॉक्सची रचना निराळी असल्याने तेथे त्याची गरज नसते, म्हणून गोल्फमधून काढलेल्या एंजिनात ती जागा रिकामी असते. बोटाच्या पेराएवढी ही वस्तू बसवायची राहून गेली तर क्लच नीट सुटत नाही आणि दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो.

शीतनव्यवस्था हा या कामाचा सर्वांत मोठा व खर्चिक भाग आहे. जलशीतित टी-३ विकत घेतलेल्या माणसाला रेडिएटर, नळ्या व हीटर आयते मिळतात. वातशीतित गाडीत यांपैकी काहीही नसते आणि पुढच्या पत्र्याला दुसरी, खालची जाळीही नसते. रेडिएटर पुढे, एंजिन मागे, मध्ये गाडीची जवळजवळ सगळी लांबी. त्यामुळे पाणी नेणारी व आणणारी अशा दोन नळ्या तळाखालून ओढाव्या लागतात आणि संपूर्ण व्यवस्थेत सुमारे १६ लिटर शीतक मावते. एवढ्या लांब मार्गात हवेचा बुडबुडा अडकणे ही नित्याची अडचण आहे. तो काढण्यासाठी गाडीचे नाक जॅकवर उचलतात, जेणेकरून रेडिएटरचा माथा सर्वांत उंच व्हावा. हीटरची तोटी पूर्ण उघडतात. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील स्क्रू सैल करून एकाने मागे एंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर धरायचे आणि दुसऱ्याने स्क्रूपाशी फडके घेऊन बसायचे. आधी फसफस, मग थुंकीसारखे तुटक पाणी आणि शेवटी अखंड धार आली की स्क्रू आवळतात. हे काम एकदा करून भागत नाही. गाडी पूर्ण तापवून, थंड होऊ देऊन, पातळी पुन्हा पाहावी लागते.

या खटाटोपाचा एक अनपेक्षित लाभ असा की, गाडीतील माणसांना ऊब मिळू लागते. वातशीतित व्हॅनमध्ये धुराड्याभोवतालच्या कवचातून तापलेली हवा पुढे येई व वाटेतच निवत असे. थंड देशांत केवळ या कारणासाठी एंजिनबदल करणारे आढळतात, हे भारतीय वाचकास चमत्कारिक वाटेल.

गिअरांच्या प्रमाणाविषयी एक विधान वारंवार केले जाते : डिझेल एंजिन सावकाश फिरते, म्हणून गिअर लांब हवेत. टी-३ पुरते ते अर्धेच खरे आहे. वातशीतित २.० लिटर एंजिनाची ७० अश्वशक्ती मिनिटाला ४,२०० फेऱ्यांवर मिळते आणि १.९ लिटर टीडीआयची ९० अश्वशक्ती ४,००० फेऱ्यांवर. हा फरक नगण्य आहे. खरा फरक पीळशक्तीत (टॉर्कमध्ये) आहे. वातशीतित एंजिनाची सुमारे १४० न्यूटन-मीटर पीळशक्ती २,८०० फेऱ्यांच्या आसपास येते, तर टीडीआयची सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळशक्ती १,९०० फेऱ्यांवरच हाती लागते. मूळ गिअरांवर गाडी चालते, परंतु महामार्गावर एंजिन विनाकारण किंचाळत राहते; चौथा गिअर लांब केला की तेच एंजिन निवांत ओढते. मात्र जुन्या गिअरबॉक्सची रचना एवढ्या पीळशक्तीसाठी केलेली नव्हती. खालच्या फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर एकदम दाबण्याची सवय असलेल्या चालकाकडून तो लवकर झिजतो.

इंधनाचा खप कमी होणे हे या बदलाचे मुख्य आकर्षण. वातशीतित टी-३ लिटरला साधारणतः ७ ते ८ किमी. जाते, चांगल्या बसविलेल्या टीडीआयवर १२ ते १४ किमी. मिळतात असे सामान्यपणे मानले जाते. गाडीचा चौकोनी चेहरा वाऱ्याला जो विरोध करतो तो एंजिन बदलल्याने कमी होत नाही, त्यामुळे ताशी १०० किमी.च्या पुढे हा फायदा घटत जातो.

टीडीआयचा इंधन फवारणारा मूळ पंप इलेक्ट्रॉनिक असल्याने त्याच्यासोबत संगणक, वायरिंग व चोरीप्रतिबंधक कुलूपही आणावे लागते. हे नको असणारे लोक जुन्या पूर्वकक्षीय टर्बो डिझेलचा यांत्रिक पंप टीडीआयवर बसवितात. धूर व खप यांच्या दृष्टीने कारखान्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था निःसंशय सरस आहे. यांत्रिक पंपाचे समर्थन आडरानात दुरुस्ती करता येते एवढ्यावरच करता येईल. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या एएलएच या टीडीआयमध्ये तेलपंप व निर्वातपंप फिरविणारा मधला दंड नाही. तेलपंप साखळीने फिरतो आणि निर्वातपंप सिलिंडर-शीर्षाच्या टोकाला गेलेला आहे. परिणामी १९८१ चा संप व शोषनळी त्यावर जशीच्या तशी बसत नाहीत. आधीच्या एएचयूला जी अधिक मागणी राहिली ती यामुळे. अशाच १.९ लिटर, ९० अश्वशक्तीच्या टीडीआयवर औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे २००१ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया मोटारी चालत, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक मेकॅनिकांना या एंजिनाची ओळख आहे.

पेट्रोल एंजिनाच्या शोषमार्गातील निर्वातावर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढविणारा भाग) चालतो. डिझेलमध्ये तसा निर्वात नसल्याने निर्वातपंप अनिवार्य ठरतो. कार्बुरेटरच्या गाडीला टाकीकडे परत जाणारी इंधननळी नसते, ती घालावी लागते. इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) हवा बहुधा मागील खिडक्यांमागच्या झडपांतून देतात.

टी-२ व बीटलमध्ये कलते एंजिनही सहजी मावत नाही. सुबारू कंपनीने २००८ मध्ये आणलेले २.० लिटर, १५० अश्वशक्तीचे आडव्या रचनेचे टर्बो डिझेल आकाराने तेथे शोभण्यासारखे आहे. तथापि त्याची ३५० न्यूटन-मीटर पीळशक्ती जुन्या गिअरबॉक्सला झेपणारी नाही.

जर्मनीत एंजिनबदलानंतर अधिकृत तज्ज्ञाकडून वाहनाची तपासणी करून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. २००८ पासून बर्लिन, कोलोन व हानोव्हर येथे आणि पुढे इतर शहरांत पर्यावरण-क्षेत्रे (अधिक प्रदूषण करणाऱ्या वाहनांना बंदी असलेले भाग) लागू झाल्यावर काजळीची गाळणी नसलेल्या जुन्या टीडीआयला शहराच्या मध्यभागी जाणे अवघड झाले. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नसलेल्या मूळ वातशीतित एंजिनालाही अशा क्षेत्रांत प्रवेश नाही, परंतु ३० वर्षांहून जुन्या व मूळ रूपातील वाहनास ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळाल्यास सवलत मिळते. त्यामुळे काढून ठेवलेले वातशीतित एंजिन पुन्हा बसविण्याचा उलटा प्रवासही दिसू लागला आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून एंजिन बदलता येत नाही.