गावच्या हद्दीत कोणी चोरून कचरा टाकतंय? तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात

रात्री टेम्पो येतो, ओढ्याकाठी गोण्या रिकाम्या करून जातो आणि सकाळी गुरं त्यात तोंड घालतात. सरपंचांच्या कानावर घातलं, फोन केले, एवढ्यानं काही हलत नाही, कारण तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. अर्ज लेखीच द्या. त्यासाठी जमीन तुमची असण्याची गरज नाही, वकीलही लागत नाही.

आधी जागा कोणाची ते बघा. गट नंबर शोधून सातबारा काढा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीबरोबर तहसीलदारांनाही अर्ज द्या, वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. जमीन खासगी असेल तर मालकाचं नाव अर्जात आलंच पाहिजे. पैसे घेऊन आपली खाण भरून घेणारेही असतात.

अर्जाला सातबारा, आधारची प्रत, तारीख-वेळ आणि ठिकाण दिसणारे फोटो, दिसला असेल तर गाडीचा नंबर आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्या जोडा. ढिगात कुरिअरचं लेबल किंवा दुकानाचं बिल वर दिसलं, तर त्याचा जवळून फोटो घ्या. कचरा कुठून आला ते त्यावरचा पत्ता सांगतो. मात्र सुया, सलाइनच्या बाटल्या, केमिकलची पिंपं असतील तर अजिबात हात लावू नका.

अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पुढची सगळी लढाई या पोचेवर उभी राहते. विषय ग्रामसभेत मांडून ठरावही करून घ्या.

तरी हालचाल नसेल तर गटविकास अधिकारी, आणि महिन्याच्या तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. त्याचा अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश प्रांताधिकारी देऊ शकतात: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 152. कारखान्याचा कचरा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात जा. अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पुणे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं न्यायपीठ. तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. तेव्हा कार्यालयांच्या उत्तरांची वाट बघत ही मुदत हातची घालवू नका.