दम आधी परततो, टाच मागून

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी एकापाठोपाठ तिन्हींची शर्यत, सोडून तीन-चार वर्षं झालेला माणूस पुन्हा सरावाला लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याला कुणी सावध करावं लागत नाही. दहा मिनिटं पळालं की धाप लागते, पोहताना तिसऱ्या-चौथ्या फेरीला खांदे भरून येतात, सायकलच्या सीटवर तासभर बसवत नाही. शरीरच लगाम ओढून धरतं. खरा धोका असतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असतं तेव्हा.

माझ्यावर ती वेळ चार वर्षांच्या खंडानंतर आली. आठवड्यातून तीनदा सायकल, दोनदा पोहणं, दोनदा पळणं अशी घडी बसली होती. महिनाभरात सहा किलोमीटरच्या पुढे एकदाही पळालो नव्हतो. त्या सकाळी मात्र श्वास इतका मोकळा चालला होता की थांबावंसंच वाटेना. अकरा किलोमीटर झाले. संध्याकाळी जिना उतरताना उजव्या टाचेच्या चार बोटं वर कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरलो तर पहिली दहा-बारा पावलं लंगडतच पडली. तिथली शीर बोटांत धरून पाहिली, तर डाव्या पायापेक्षा जाड लागत होती आणि दाबली की जीव कळवळत होता. पुढचे सात आठवडे पळणं बंद.

त्या सकाळी श्वासाने खोटं सांगितलं नव्हतं. हृदय आणि फुप्फुसं खरंच तयार झाली होती, टाच झाली नव्हती. मोठ्या खंडानंतर शर्यतीकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: शरीराचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वेगाने विसरतात आणि निरनिराळ्या वेगाने पुन्हा शिकतात.

सराव थांबला की सगळ्यात आधी ओसरतो तो रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा. नियमित व्यायामाने तो वाढलेला असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच घटू लागतो. मग हृदयात रक्त कमी भरतं, एका ठोक्यात कमी बाहेर पडतं, आणि तीच गती राखायला जास्त ठोके द्यावे लागतात. ज्या गतीला मनगटावरचं घड्याळ पूर्वी १४० दाखवायचं, तिथे आता १६० दिसतं. हे पाहून अनेकांचा धीर खचतो. खरं तर सगळ्यांत लवकर भरून निघणारा तोटा हाच आहे. सराव सुरू झाल्यावर काही दिवसांतच प्लाझ्मा वाढायला लागतो.

एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या सात खेळाडूंना त्यांनी ८४ दिवस सराव पूर्ण बंद करायला लावला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी उतरली. आठ आठवड्यांपर्यंत ही घट १६ टक्क्यांवर गेली आणि तिथेच थांबली. स्नायूंतल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींच्या ऊर्जेच्या भट्ट्या, बऱ्याच विझल्या. तरी त्यांच्यातल्या विकरांचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमांचं, काम कधीच सराव न केलेल्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्तच राहिलं. स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं तर ८४ दिवसांत जवळजवळ जसंच्या तसं होतं.

खंड तीन महिन्यांचा नसून तीस वर्षांचा असेल तर? त्याचंही उत्तर आहे. १९६६ साली डलासमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वजन वाढलेलं, पन्नाशी आलेली. पण तीस वर्षांच्या वयवाढीने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमी निघालं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढणारा व्यायाम दिला आणि त्यांची क्षमता १९६६ मधल्या, अंथरुणाला खिळण्याआधीच्या पातळीवर परत आली. यातला एक बारकावा मला विशेष वाटतो. हृदय एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढं रक्त फेकू शकत होतं, ते वाढलं नव्हतं. आलेल्या रक्तातून प्राणवायू जास्त ओढून घ्यायला स्नायू शिकले होते.

स्नायूंची आठवण खरोखरच पक्की असते. स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या लांबलचक पेशींत नवी केंद्रकं येऊन बसतात. नॉर्वेतल्या क्रिस्टियन गुंडरसन यांच्या गटाने २०१० साली उंदरांमध्ये दाखवलं की स्नायू पुन्हा रोडावला तरी ही केंद्रकं महिनोन्‌महिने टिकतात. माणसांवरचा एक प्रयोग २०१८ सालचा आहे. त्यात आठ पुरुषांनी सात आठवडे वजनं उचलली, सात आठवडे सोडली आणि पुन्हा सात आठवडे उचलली. दुसऱ्या खेपेला स्नायू पहिल्यापेक्षा जास्त वाढले, आणि पहिल्या खेपेला जनुकांवर उमटलेल्या काही रासायनिक खुणा मधल्या विश्रांतीतही पुसल्या गेल्या नव्हत्या.

आता टाचेकडे येऊ. स्नायूला हाडाशी जोडणारा जो दोर, त्याला कंडरा म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी टेंडन. पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलिस कंडरा ही शरीरातली सगळ्यात जाड. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसात चारशे किलोंहून जास्त, आणि तोही प्रत्येक पावलाला. दहा किलोमीटरमध्ये एका पायाची साधारण पाच हजार पावलं पडतात. एवढं काम करणाऱ्या या दोराला रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा, आणि त्याची झीज भरून निघते तीही सावकाश. किती सावकाश, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली फार सुंदर पद्धतीने दाखवलं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला होता, आणि अन्नावाटे तो त्या काळी घडणाऱ्या शरीरांतही उतरला होता. कंडरेच्या गाभ्यात तो किती आहे हे मोजल्यावर कळलं की तो गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास घडून जातो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही.

म्हणजे जो दोर घेऊन आपण सतराव्या वर्षी पळालो, त्याच्याच भरवशावर पंचेचाळिसाव्या वर्षी परतायचं असतं. त्याचा बाहेरचा भाग ताणाला प्रतिसाद देतो, पण आपल्या वेळाने. जोरदार पळण्यानंतर कंडरेतलं कोलॅजन, म्हणजे तिचे धागे घडवणारं प्रथिन, तुटणं आणि नवं तयार होणं, दोन्ही वाढतं. पहिला दिवस-दीड दिवस तुटण्याची बाजू वरचढ असते, नंतर बांधणी पुढे जाते. लागोपाठच्या दिवशी पुन्हा जोरात पळालं तर बांधणीला वेळच मिळत नाही. स्नायू आठवड्यांत जोर धरतात. कंडरेला महिने लागतात.

हाडाचंही तेच. नव्या भाराला तोंड देण्यासाठी हाड आधी स्वतःला पोखरतं. जुना भाग काढणाऱ्या पेशी आपलं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतात, खड्डा भरणाऱ्या पेशींना मात्र तीन महिने लागतात. मधल्या काळात नडगीचं हाड तात्पुरतं कच्चं असतं. नेमक्या याच काळात परतलेल्या खेळाडूचा दम चांगला वाढलेला असतो.

ट्रायथलॉनमध्ये हा पेच साध्या धावपटूपेक्षा जास्त घट्ट बसतो. नुसतं पळणाऱ्याचा दम पळूनच वाढतो, त्यामुळे त्याच्या पायांना निदान थोडीफार सवय होत जाते. ट्रायथलीटचा दम सायकलवर आणि पाण्यात वाढतो. सायकलवर पाय जमिनीला आपटत नाहीत, पाण्यात तर भारच नाही. तीन खेळांची कमाई एका हृदयात जमा होते आणि तिचा खर्च पळताना टाचेवर पडतो. म्हणून सायकल मनसोक्त वाढवावी, पण सायकलवर कमावलेल्या दमाच्या जोरावर पळण्याचं अंतर ठरवू नये. सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव, ज्याला ट्रायथलीट ‘ब्रिक’ म्हणतात, तोही सुरुवातीला दहा मिनिटांचा पुरे. त्या दहा मिनिटांत लाकडासारखे झालेले पाय पुन्हा पळण्याच्या लयीत आणणं, एवढंच साधायचं असतं.

पोहण्याची गोष्ट वेगळी. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. इथे ताकदीपेक्षा शरीराची ठेवण जास्त कामाला येते. हात मारण्याची लकब मेंदू विसरत नाही. पाण्यावरची पकड मात्र बोथट होते, कोपर खाली पडतं, पाय बुडतात. आठवड्यातून एकदा दोन किलोमीटर पोहण्यापेक्षा चारदा पाचशे मीटर पोहावं, म्हणजे ती पकड लवकर येते.

पण पोहण्याबद्दल एक गंभीर गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात झालेले अचानक मृत्यू, हृदय बंद पडल्याचे प्रसंग आणि अपघाती मृत्यू एकत्र अभ्यासले गेले. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या. बळी पडलेल्यांत ८५ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय ४७च्या आसपास होतं. प्रमाण कमी आहे, लाख सहभागींमागे दोनाहूनही कमी. तरी ज्यांचं शवविच्छेदन झालं, त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा दोष सापडला. थंड पाण्याचा धक्का हृदयाची गती वाढवू पाहतो, पाण्यात बुडालेला चेहरा आणि रोखलेला श्वास ती कमी करू पाहतात, आणि वर सुरुवातीची गर्दी आणि घाबरगुंडी. चाळिशीनंतर परतणाऱ्याने नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. सुरुवातीच्या रेषेवर कडेला उभं राहावं, परवानगी असेल तर आधी पाण्यात उतरून अंग सरावाला घालावं. छातीत काही वेगळं वाटलं तर पाठीवर उताणं होऊन हात वर करावा.

पळणं किती वाढवायचं? दर आठवड्याला दहा टक्के, हा नियम सगळ्यांच्या तोंडी आहे. नेदरलँड्समध्ये २००८ साली पाचशेहून जास्त नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. दहा टक्क्यांच्या हिशेबाने वाढवणाऱ्या आणि त्याहून झपाट्याने वाढवणाऱ्या, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. २०२५ साली ५,२०५ धावपटूंच्या नोंदींवरून जे दिसलं, ते मला जास्त कामाचं वाटतं. आठवड्याच्या एकूण अंतरातल्या वाढीने दुखापतीचा अंदाज येत नव्हता. एकाच दिवशी घेतलेल्या उडीने येत होता. गेल्या ३० दिवसांत सगळ्यांत लांब जेवढं पळालो, त्याच्या दहा टक्क्यांहून पुढे एका दमात गेलं की दुखापतीची शक्यता वाढत होती, आणि अंतर दुपटीच्या वर नेलं तर शक्यताही दुपटीच्या वर जात होती. माझं सहावरून अकरावर जाणं याच हिशेबात बसतं. आता मी डायरीत आठवड्याची बेरीज मांडत नाही, महिन्यातलं सगळ्यांत लांब पळणं तेवढं ठळक लिहून ठेवतो.

शर्यतही त्याच बेताने निवडावी. ऑलिम्पिक अंतरात १.५ किलोमीटर पोहून आणि ४० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर १० किलोमीटर पळायचं असतं. स्प्रिंटमध्ये हेच आकडे ७५० मीटर, २० आणि ५ असे निम्मे होतात. परतीची पहिली शर्यत स्प्रिंट असावी, पूर्वी कितीही मोठ्या शर्यती केलेल्या असोत.

आणि दुखावलेली टाच? तिला नुसती विश्रांती दिल्याने ती बळकट होत नाही. कंडरेला भार हवाच असतो, फक्त सावकाश आणि नेमका. स्वीडनचे शल्यविशारद होकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अकिलिसच्या जुनाट दुखण्याच्या पंधरा रुग्णांना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून पंधराचे तीन, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे पळू लागले.

मीही जिन्याच्या पहिल्या पायरीवर तेच करत राहिलो. पहिले काही दिवस टाच खाली जाताना शिरेत ताण जाणवायचा, तिसऱ्या आठवड्यापासून सकाळची लंगड कमी होत गेली. आठव्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी दहा आवर्तनं केली. सायकल आणि पोहणं सोडलं नव्हतं, त्यामुळे श्वासाला काही कळलंसुद्धा नाही. घड्याळ १२०च्या वर जाईना. दहावं आवर्तन संपलं तिथे थांबलो आणि चालत घरी आलो.